पाठ फिरवणारा डबू

कात्रज, पुणे
२४ जून २००१

चि. उत्कर्षास आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पोरी, तुझा डबू माझं एक ऐकत नाही! मी गेमचं बटण दाबून म्हणते मार, तर हा पाठ फिरवून बसतो. पुन्हा दाबलं तर झोपूनच गेला बाप्पा. समोरून ते काटेरी कुत्रं चावायला आलंय आणि आमचे साहेब पाठीवरचा दगड सांभाळत घोरतायत. मी इतकी हसले की ठसका लागला, तुझी आई पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं म्हातारी चालली. पडद्यात बघितलं आणि म्हणाली, "सासूबाई, या वयात बेडकाला लढवता?" मी म्हटलं, नातीने सोपवलाय, सांभाळायला नको?

तू जायच्या आदल्या संध्याकाळी आपल्या दोन्ही गेमना ती वायर लावून दोघींनी अदलाबदल केली, ते डोळ्यांसमोरून जात नाही. तुझा डबू सरकत सरकत माझ्या गेममध्ये आला आणि माझी कालपरवाची ठिपकी तुझ्याकडे. ठिपकी खाते ना? म्हणजे जे काय करायचं असतं ते. मुक्या पाखराला उपाशी ठेवू नको.

तुझी खोली कशी आहे? आनंदची कंपनी बंद पडली तेव्हापासून या दोन खोल्यांत कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मग प्रज्ञेश आला, म्हणाला, "दादा, तुला तीन मुली, आम्हाला एक नाही. धाकटी आम्हाला दे, मी तिला शिकवतो." मला तर आभाळ हाताला लागलं. दोन्ही लेक माझेच. घरातलं लेकरू घरातच राहिलं. इंग्रजी शाळा, स्वतःचा पलंग! इथे तू दोघी बहिणींच्या मध्ये चेपून झोपायचीस.

तुला दिलेला आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा संपला की सांग. प्रौढ वर्गात बसल्यापासून कुणाचा हात न धरता लिहिलेलं हे माझं पहिलं मोठं पत्र. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. डबूला ऐकायला कसं लावायचं तेवढं कळव.

तुझी आजी
यमुनाबाई

.

बंगलोर
८ जुलै २००१

प्रिय आजी,

डबूवर रागावू नकोस. तो मी वाढवलेला आहे आणि तुझ्याकडे अजून एकही बिल्ला नाही. अदलाबदल करून आलेला प्राणी खूप ताकदीचा असला, तर बिल्ले मिळेपर्यंत तो नव्या मालकाचं ऐकत नाही. गावागावात एक एक वस्ताद असतो, त्याला हरवलं की बिल्ला मिळतो. आधी छोट्या प्राण्यांना घेऊन पहिल्या वस्तादाला हरव. प्राण्याची ताकद दाखवणारी रेघ लाल झाली की औषध दे. जंगलातल्या प्राण्यासमोरून पळून जाता येतं. वस्तादासमोरून येत नाही, पळायचं बटण दाबलं तरी खेळ नाही म्हणतो.

ठिपकी बरी आहे. अदलाबदलीत आलेला प्राणी घरच्यापेक्षा लवकर मोठा होतो, म्हणून ती भराभर वाढते आहे. तिचं नाव मात्र मला बदलता येत नाही. गेममध्ये नाव बदलणारा एक म्हातारा आहे, पण दुसऱ्याने वाढवायला दिलेल्याचं नाव तो बदलत नाही.

इथे माझं नाव बदललं आहे. काकू मला रिया म्हणते. शाळेतही तेच सांगितलं आहे. काकूला मम्मी म्हणायचं आहे, पण मी नुसतं "अहो" म्हणते आणि मग ती बेडरूमचं दार लावून घेते. माझ्या खोलीत एक पाळणा आहे. तो हलवायचा नाही. त्यात घडी केलेली छोटी झबली आहेत, तीन रंगांची.

तुझं पत्र काकूने कात्रीने उघडून आधी वाचलं, मग मला दिलं. मी हे शाळेच्या गेटपाशी पेटीत टाकणार आहे.

आजी, दत्तकाचे कागद अजून झाले नाहीत ना? बाबांना सांग, करू नका. मला घरी यायचं आहे. मी मध्येच झोपेन, मला चेपलेलं चालतं. बाबा तुझंच ऐकतात.

तुझी
उत्कर्षा

.

कात्रज
२२ जुलै २००१

चि. उत्कर्षास आजीचा जयभीम.

जिंकले! पहिल्या वस्तादाला लोळवला! कात्रजच्या डेपोत मी बसची वाट बघत होते, आणि पडद्यात टोपी घातलेला तो दाढीवाला, त्याचं वटवाघूळ आणि माझा तो मातीचा उंदीर. उंदराची रेघ लाल झाली आणि माझ्या हाताला घाम. शेजारी दुधाचे कॅन घेऊन बसलेला माणूस म्हणतो, "मावशी, औषध द्या, औषध!" सगळा बाक वाकून बघत होता. बस आली, गेली, कुणी चढलंच नाही. बिल्ला मिळाला तेव्हा त्या माणसाने टाळी दिली हो मला! साठी ओलांडल्यावर मला हे काय लागलंय असं तुझी आई म्हणते. लागू दे. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या घरात वाकून काम केलं, कुणाला हरवलं म्हणून कधी नव्हतं.

डबू आता चारदा सांगितलं की एकदा ऐकतो.

तू लिहिलंस की भाग्यश्री पत्र आधी वाचते. मग त्यात काय एवढं? आमच्या हिंगणघाटकडच्या गावी पत्र आलं की रंगराव पारावर उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि सगळं गाव ऐकायचं. म्हणून पत्रात आधी वाचणाऱ्याला रामराम घालायची रीत, नाहीतर तो रुसून मधल्या ओळी गाळायचा. तेव्हा भाग्यश्री, तू वाचतेसच तर तुलाही जयभीम, बाई! तब्येत सांभाळ. पोरीने शाळेपाशी पेटीत पत्र टाकलं, त्यात लिहिते घरी यायचंय, कागद करू नका. मनाला लावून घेऊ नको. नवं वासरू दावणीला आठ दिवस ओरडतंच. मम्मी म्हणायला जीभ वळेल हळूहळू. तो पाळणा मात्र उचलून ठेव गं, लेकरू घाबरतं.

उत्कर्षा, तू ठिपकीचं लिहिलंस ते मला फार पटलं. दिलेलं पाखरू घरच्यापेक्षा लवकर वाढतं! आनंद कागदाचं नाव काढलं की टाळाटाळ करतो, त्याला मी तेच वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, पोर स्वतःच लिहिते आहे.

तुझी आजी
यमुनाबाई

.

बंगलोर
२८ ऑक्टोबर २००१

ती. आजीस सादर जयभीम.

आपले पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला याबद्दल क्षमस्व. मी येथे अतिशय आनंदात आहे. मम्मी आणि पप्पा माझी खूप काळजी घेतात. सहामाही परीक्षेत मला चांगले गुण मिळाले. मी जुलैमध्ये जे लिहिले होते ते चुकीचे होते आणि त्यामुळे मम्मीला फार त्रास झाला, याचे मला वाईट वाटते.

धम्मचक्र दिनाला येता आले नाही, कारण अभ्यास होता. कृपया कागदांची व्यवस्था लवकर करावी. घरातील सर्वांना नमस्कार.

आपली
रिया

.

कात्रज
१२ नोव्हेंबर २००१

चि. उत्कर्षास, आता रियाच म्हणायला हवं, आजीचा जयभीम. आणि भाग्यश्री, तुलाही.

काय ते अक्षर! एकेक ओळ फूटपट्टीने मारल्यासारखी! मी पत्र पदराला बांधून गल्लीभर फिरले. गोदाबाईला दाखवलं, ती म्हणाली, "ही शिकून कलेक्टर होणार." तीन महिने पत्र नाही म्हणून जीव टांगणीला होता, एका पत्राने खाली आला.

एकट्या आनंदने तोंड वाकडं केलं. पत्र हातात घेऊन बसूनच राहिला. म्हणाला, "आई, ही तुला 'आपण' कधीपासून म्हणायला लागली?" मी म्हटलं, कॉन्व्हेंट आहे ते, तिथे आजीला अगं-तुगं करत नाहीत. मग म्हणाला, "डबूचं एक अक्षर नाही यात." मी म्हटलं, पोरीला अभ्यास आहे, तुझ्यासारखी घरी बसलीय का? बोलून गेले. तो उठून बाहेर गेला तो जेवायलाच आला. आल्यावर म्हणाला, "ठीक आहे. तिने स्वतः लिहिलंय ना कागद करा म्हणून. करतो."

झालं! दहा डिसेंबरला तुझे आईबाबा बंगलोरला येतील, तिथेच वकिलापुढे सह्या. मी येणार नाही, गाडीत माझे गुडघे धरतात, आणि तुझ्या ताया एकट्या राहतील. पण तुझ्या आईबरोबर तिळाच्या चटणीचा डबा देते. जरा जास्तच देते, भाग्यश्रीला आवडेल.

डबूचं सांगायचं राहिलंच. चार बिल्ले झाले. आता दहादा सांगितलं तर आठदा ऐकतो. काल एका बाईच्या तीन प्राण्यांना त्याने एकट्याने झोपवलं. मी खुशीत ओरडले, तर सर्पोद्यानासमोरचा शेंगदाणेवाला घाबरून उठला. त्याला वाटलं आतून काही सुटलं.

तुझी आजी
यमुनाबाई

.

बंगलोर
३ डिसेंबर २००१

आजी,

हे माझ्या मागच्या बाकावरच्या चैतालीच्या पाकिटातून पाठवते आहे. ती सोलापूरची आहे. उत्तर तिच्या घरच्या पत्त्यावर पाठव, खाली लिहिला आहे.

ऑक्टोबरचं पत्र मी लिहिलेलं नाही. म्हणजे अक्षर माझं आहे. काकूने सांगितलं आणि मी लिहिलं. दोनदा खाडाखोड झाली म्हणून तीनदा लिहिलं.

तुझं जुलैचं पत्र काकूने जेवणाच्या टेबलावर काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. तू तिला जयभीम घातला होतास तिथे ती थांबली. मग रडायला लागली. म्हणाली, "मी हिला सगळं दिलं आणि ही माझ्या पाठीमागे चहाड्या करते." काकांनी भूगोलाच्या पुस्तकातली तू दिलेली कोरी पत्रं काढून घेतली. तेव्हापासून काकू रोज दप्तर बघते. पाळणा आता माझ्या पलंगाला लागून ठेवला आहे. ती म्हणते, "घाबरण्यासारखं त्यात काही नाही, तुझी भावंडंच आहेत ती."

ती वाईट नाही आजी. कधी कधी माझे केस विंचरते आणि मध्येच थांबते. मग मी हलत नाही.

आणि ठिपकी लवकर मोठी होते हे मी गेमचं लिहिलं होतं. फक्त गेमचं.

बाबांना येऊ देऊ नकोस. आले तर सही करू देऊ नकोस. ते इथे आल्यावर मला सगळ्यांसमोर विचारतील आणि मला सांगता येणार नाही. तू आधी सांग.

उत्कर्षा

.

कात्रज
१५ डिसेंबर २००१

माझ्या उत्कर्षा,

तुझं पाकीट दहा तारखेला दुपारी आलं. तुझे आईबाबा आदल्या दिवशीच गाडीत बसले होते. मी पत्र पहिल्यांदा वाचलं, मला वाटलं मला वाचताच येत नाही. मोठ्या ताईकडून वाचून घेतलं. ती तिसऱ्या ओळीला थांबली. मी म्हटलं गाळू नको, सगळं वाच.

तशीच चपला न घालता डेपोसमोरच्या एसटीडीवर गेले. पुढे दोघं होते, त्यांना बाजूला केलं. फोन भाग्यश्रीने उचलला. तिचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. "आई, झालं सगळं! सकाळीच सह्या झाल्या. पेढे वाटा." मी आनंदला दे म्हटलं. तो फोनवर आला आणि मी म्हटलं, आनंद, पोरीला घेऊन ये. तो म्हणाला, "आई, आता ती त्यांची आहे." मी म्हटलं, ते पत्र तिचं नव्हतं रे. मागून भाग्यश्री कुणाला तरी पेढा भरवत होती, तेवढं ऐकू आलं.

घरी आल्यावर तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. मग इथल्या वकिलाकडे गेलो, मी आणि तो. वकील म्हणाला, दत्तक दिलेलं मूल परत घेता येत नाही, कायद्यात ती वाटच नाही. मी विचारलं, दोन्हीकडचे कबूल असले तर? तो हसला. म्हणाला, "आजी, दुसरीकडचे कबूल आहेत का?" प्रज्ञेशला फोन केला. तो म्हणाला, "आई, मुलं रुळतात. आता हा विषय काढलास तर भाग्यश्री कोलमडेल." लेक माझाच. मी फोन ठेवला.

पण ऐक. मी येते. गुडघे गेले खड्ड्यात. संक्रांतीनंतर ताई मला गाडीत बसवून देईल. येताना माझा गेम आणते आणि वायर आणते. गेमच्या निमित्ताने तरी दोघी दार लावून बसू. तू मला माझी ठिपकी दे, मी तुला तुझा डबू देते. अदलाबदल परत करता येते ना? मग तोंडाने सांग मला सगळं. मी प्रज्ञेशच्या पाया पडेन. तो माझ्या पोटचा आहे, पाया पडले तर ऐकेल.

मला त्या वाचणाऱ्याला जयभीम घालायला नको होता. आमच्याकडे तशी रीत होती गं.

तुझी
आजी

.

बंगलोर
२० जानेवारी २००२

प्रिय आजी,

तू येऊ नकोस. काका म्हणाले तू फोन केला होतास आणि आता सहा महिने तरी पुण्याचं कुणी येणार नाही, काकूची तब्येत बरी होईपर्यंत. स्टेशनवर कुणी घ्यायला आलं नाही तर तू कुठे जाशील?

चैतालीच्या बाबांची बदली झाली. पुढच्या आठवड्यात ते जातील, म्हणून हे शेवटचं. यापुढे घरच्याच पत्त्यावर लिही. पाकिटावर रिया लिही.

सह्यांच्या दिवशी बाबांनी मला विचारलं होतं. वकिलाच्या टेबलापाशी. "इथे बरं वाटतं ना गं?" एका बाजूला काका, एका बाजूला काकू. काकूने माझा हात धरला होता. मी हो म्हटलं. मग आईने मला उचलून काकूच्या मांडीवर ठेवलं, तसं करावं लागतं म्हणे, हातातून हातात. मी अकरा वर्षांची आहे, माझे पाय जमिनीला लागत होते. सगळे हसले. आई हसली नाही. तिळाची चटणी काकूने कामवालीला दिली.

आजी, अदलाबदल आता होणार नाही. माझा गेम काकू तिच्या बहिणीच्या मुलाला देणार आहे, माझा अभ्यास होत नाही म्हणून. तो पहिल्यापासून नवीन खेळ सुरू करेल आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल. ठिपकी पुसली जायला नको होती. म्हणून मी काल तिला सोडून दिलं. सोडायचं बटण असतं. ती खूप मोठी झाली होती, तू ओळखलं नसतंस. गेम दोनदा विचारतो, नक्की का, म्हणून. मग ती लहान लहान होत गेली आणि खाली लिहून आलं, ठिपकी गेली. कुठे गेली ते गेम सांगत नाही.

मी काकूला मम्मी म्हणते आता. पहिल्यांदा म्हटलं त्या दिवशी तिने पाळणा माझ्या खोलीतून काढला.

तू डबूला सांभाळ.

उत्कर्षा

.

कात्रज, पुणे
१७ फेब्रुवारी २००२

चि. रियास अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तुझ्या ताया अभ्यास करतात. आनंदला एका सोसायटीत रात्रीच्या पहाऱ्याचं काम मिळालं. गुडघे बरे आहेत. थंडी कमी झाली.

डबूचे आठही बिल्ले झाले. आता तो सगळं ऐकतो. एकदाही पाठ फिरवत नाही. परवा त्याची रेघ लाल झाली होती, मी चुकून मार म्हटलं, तरी तो पुढे गेला. मी औषध देईपर्यंत पडला. वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. पूर्वी कसा घोरायचा.

त्यानंतर मी त्याला लढवत नाही. सकाळी गेम लावते, त्याचं पान उघडते. तिथे पहिल्या मालकाचं नाव असतं. इंग्रजी मला येत नाही, पण त्या नावाची अक्षरं ताईने शिकवली, तेवढी येतात. ती वाचते आणि बंद करते. नाव बदलणाऱ्या म्हाताऱ्याकडेही एकदा जाऊन आले. तो नाही म्हणाला.

बुधवार पेठेत बजरंगच्या दुरुस्तीच्या दुकानात गेमची कॅसेट दाखवली. तो म्हणाला, आत एक चपटा सेल असतो, त्यावर सगळं टिकतं. तो संपला की पुसलं जाणार. बदलायला काढला तरी पुसलं जाणार. मी विचारलं, किती दिवस? म्हणाला, "मावशी, त्याचं काही सांगता येत नाही. चालेल तोवर चालेल."

अभ्यास कर. मम्मीला त्रास देऊ नको.

आपली
यमुनाबाई

सौ. भाग्यश्रीस जयभीम.